रुमालाखालचा जुलै

परवा कुसुम म्हणाली, "ते जुलैचं लचांड विकून टाका एकदाचं. पण या वेळी दलाल जरा बघून निवडा."

मी 'बरं' म्हणालो, स्टुडिओत आलो आणि डार्करूमचं दार आतून लावून घेतलं. धुवायला एकही रोल नव्हता. नुसता लाल दिव्याखाली बसून राहिलो. हे मी आजवर जिवंत माणसाला बोललेलो नाही — देवापुढेसुद्धा उदबत्ती लावताना घाईत असल्यासारखं करून सटकलोय. पण ते 'बघून निवडा' असं काही लागलं, की आता कुणाला तरी सांगायलाच हवं. कुसुमला नाही. तेवढी छाती असती तर हे प्रकरण झालंच नसतं. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझ्या सासरवाडीचे नाही, हीच तुमची मोठी लायकी.

गोष्ट आमच्या नानांची आहे. नाना म्हणजे कुसुमचे मामा, पारोळ्याचे, गुरांच्या बाजारातले दलाल. दलाल म्हटलं की माणूस आधी स्वतःचा खिसा चाचपतो, पण नानांबद्दल लोक म्हणायचे — दलाल असून खरा. बैल मारका असेल तर गिऱ्हाइकाला सांगून टाकणारा माणूस! त्यांच्याकडे ना दुकान, ना पाटी, ना गोदाम. होता तो फक्त शब्द. आणि तो शब्द मी बुडवला. कसा बुडवला तेच सांगायचंय. पण जरा वळशानं जाऊ द्या मला, थेट तिथं जायला अजून धीर होत नाही.

जळगावचा मे महिना तुम्ही काढलाय का? काढला असेल तर पुढचं समजेल. नव्वद साल उलटून गेलं होतं, गावात घरोघरी केबल येत होतं, आणि आमच्या घरी एक पत्र्याचा कूलर होता. त्यात दिवसभर बादल्या ओतायचं काम कुसुमचं. दुपारी फरशीवर ओला पंचा टाकून त्यावर ती, मी आणि शुभा — आमची मुलगी, तेव्हा अकरावीत होती — वांगी भाजायला ठेवावीत तसे पडून असायचो. कुसुमनं लग्नानंतर माझ्याकडे दागिना मागितला नाही, बंगला मागितला नाही. एकच मागायची. मे महिन्यातला एक आठवडा मला अशा गावाला न्या, जिथं रात्री पांघरूण लागतं.

अशात स्टुडिओत एक गिऱ्हाईक आलं आणि त्याच्याकडून कळलं, की धुळ्याचे एक कापडवाले शेठ आपला टाइमशेअर विकताहेत. शेठजींनी कधीतरी नाशिकच्या मोठ्या हॉटेलात फुकटचं जेवण घेतलं होतं. आईस्क्रीम येईस्तोवर त्यांच्या गळ्यात घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टचे दोन करार पडले — वर्षातला एक आठवडा मे महिन्यातला, एक जुलैतला, दरसाल, पुढची कितीतरी वर्षं. नंतर कळलं की शेठाणींना घाट लागतो. पहिल्या वळणापासून पिशवी तोंडाशी. मग करार विकायला काढले. दोन्ही नाही घेतले तरी चालेल, एक घ्या, पण घ्या!

आता असला करार दुसऱ्याकडून घ्यायचा म्हणजे मध्ये जाणता माणूस हवा. जळगावात एकजण होता, मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर. भर उन्हाळ्यात टाय लावायचा. टेबलावर दोन फोन, त्यातल्या एकाला वायरच नव्हती, आणि नेमका तोच उचलून तो मुंबईशी बोलायचा. त्यानं मला 'सर' म्हटलं, रंगीत पुस्तिका दाखवली आणि फी आधी मागितली. मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू? 'सर' म्हणणारा माणूस मला आवडतो. पण कुसुम कडाडली. घरात दलाल असताना बाहेरचा कशाला? आणि मामाला कळलं तर काय वाटेल?

नानांना टाइमशेअर म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, तंबाखू मळून झाली, मग म्हणाले, "म्हंजे म्हैस एकनी, अन् दूध बठ्ठासनं!"

मी हसलो. पण तुम्हीच सांगा, यापेक्षा नीट कुणी सांगू शकेल? म्हैस एकाची आणि दूध सगळ्यांचं, ज्याच्या-त्याच्या आठवड्याला. टायवाल्यानं आधी फी मागितली हे ऐकून तर नाना इतके हसले की ठसका लागला. सौदा व्हायच्या आधी दलाली मागतो तो दलाल नव्हे, तो भिक्षुक, म्हणाले. तेव्हा दलाल ठरला. आणि ऐका — दलाल निवडण्यात आमची काडीचीही चूक झाली नाही. चूक नानांची झाली, गिऱ्हाईक निवडण्यात.

कारण मी त्यांना आधीच एक थाप मारून ठेवली होती. खूप जुनी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासरवाडीला बाजाराच्या गप्पा निघाल्या. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, त्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. दाबलं एक बोट तर एक, धरला पंजा तर पाच. चार माणसं भोवती उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सगळे मेहुणे-साडू त्यातले किस्से सांगत होते आणि मी — फोटोवाला, गोरा, कॉलर टाईट — ओट्यावर बसून करंज्या खात होतो. कुणीतरी म्हणालं, जावयांना यातलं काय कळणार! झालं. मी छाती काढून म्हणालो, लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात जायचो, रुमालाखालची भाषा मला चांगली येते.

माझे वडील शिंपी होते हो. आमच्या घरात चार पायांचं म्हणाल तर एक शिलाई मशीन होतं. पण नाना एवढे खूश झाले! जावई आपल्यातला निघाला म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून पाठीवर जाणवते.

तर धुळ्याला निघालो. मी जळगावहून एसटीत बसलो, पारोळ्याला नाना चढले, नवं धोतर, नवा रुमाल. वाटेत त्यांनी विचारलं, महिना कोणता पाहिजे? आता इथं सरळ 'मे' म्हणायला काय झालं होतं मला? पण पुढच्या सीटवर ओळखीचे लोक होते आणि मला दलालासारखं बोलायची हौस आली. म्हणालो, "तिथं बघू, नाना. हातानंच बोलू." नानांचे डोळे चमकले.

शेठजींचा दिवाणखाना मोठा, सोफा मखमली. नाना त्यावर मांडी घालून बसले. कागद त्यांनी पाहिलेच नाहीत, शेठजींना पाहत राहिले. का विकता, हे तीनदा विचारलं, तीन तऱ्हांनी. मग म्हणाले, या म्हशीला चारा कोण घालतो? मी शरमेनं शेवचिवड्याच्या बशीत तोंड घातलं. पण शेठजी गडबडले. रिसॉर्टच्या देखभालीचे पैसे दरवर्षी भरावे लागतात आणि मागचे थकलेत, हे तेव्हा बाहेर आलं. ते त्यांनीच भरायचं ठरलं. त्यानंतर भाव. मे पाहिजे तर अमुक, आणि जुलै घेतला तर जवळजवळ निम्म्यात, असं शेठजी बोलले.

नाना माझ्याकडे वळले. खांद्यावरचा रुमाल हातावर आला. रुमालाखाली त्यांचा तो खरबरीत हात आला आणि त्यांनी माझा अख्खा पंजा धरून दाबला.

आज मला कळतं. पंजा म्हणजे पाच. पाचवा महिना ना? पुढं बोलू? — एवढंच विचारत होते. समोरच्याला आपली निकड कळू नये म्हणून रुमालाखाली. मी नुसता पंजा दाबला असता तरी काम झालं असतं. नुसतं 'नाना, मला हे येत नाही' म्हटलं असतं तरीही झालं असतं. पण शेठजी कौतुकानं बघत होते. मला वाटलं, काहीतरी उत्तर द्यायला हवं, जाणकारासारखं, जरा कसलेलं. म्हणून मी त्यांचा पंजा दाबला — आणि वर शोभेसाठी दोन बोटं अजून दाबली.

पाच आणि दोन किती होतात? शुभाला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

नानांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा दाबलं — पंजा, मग दोन बोटं — आणि तोंडानं विचारलं, "पक्कं शे?" मी मिशीवरून बोट फिरवून म्हणालो, "पक्कं, नाना. तुमचा शब्द तो माझा शब्द." ते म्हणाले, "तुम्हनी मर्जी, जवाईबापू," आणि रुमाल शेठजींच्या हातावर गेला. शेठजींचा चेहरा असा फुलला, की त्यांनी आतून पेढे मागवले. मला वाटलं, काय दलाल आहे! निम्म्यात मे काढला!

कागद इंग्रजीत होते. महिन्याचं नाव कुठंच नाही, नुसता आठवड्याचा नंबर, वर्षातला कितवा तो. आता आपल्याकडे आठवडा म्हणजे बाजाराचा दिवस, त्याला नंबर कोण लावतो? पुढं हंगामाचा रंग लिहिला होता — निळा. मी फोटोवाला माणूस. म्हटलं निळं आकाश असेल, आणि सही ठोकली; निळा म्हणजे पडता हंगाम, हे फार नंतर कळलं. परतताना एसटीत नानांनी तंबाखू मळली. मग हळूच म्हणाले, "तुम्हले पानीपाऊस आवडस वाटतं?" मी म्हणालो, आवडतो ना, फोटो फार छान येतात. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, म्हातारा गप्पा मारतोय.

पुढं एप्रिलात रिसॉर्टचं कार्ड आलं. कुसुमनं नाशिकच्या बहिणीकडून स्वेटर मागवून घेतले होते, ते उन्हात टाकले होते. जळगावच्या एप्रिलात वाळत घातलेले स्वेटर बघायला शेजारीण मुद्दाम आली होती. कार्ड कुसुमनंच फोडलं. वाचलं. उलटून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "अहो, हे जुलै काय आहे?"

तेव्हा, त्या क्षणाला, मला सगळं कळलं. पंजा, दोन बोटं, पानीपाऊस, पेढे — सगळं एकदम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता हे सांगायचं तर जुनी थाप सांगावी लागणार, शिंपी, शिलाई मशीन, सगळं. ती माझ्याकडे बघत होती. शेजारीणही बघत होती. आणि मी — किती सहज आलं ते तोंडात, अगदी ठेवलेलं असल्यासारखं — मी म्हणालो, "मी मे सांगितला होता. नानांनी जुलै करून टाकला. शेठकडून काहीतरी सुटलं असेल त्यांना. दलाल तो शेवटी दलालच."

बस. एवढंच. ही माझी करणी. आता पुढचं भराभर सांगता येईल असं वाटलं होतं, पण तेही येत नाही.

कुसुम त्या दिवशी जेवली नाही. सासूबाईंना — त्यांना सगळे अक्का म्हणायचे — तिनं सांगितलं, आणि अक्कांनी आपल्या सख्ख्या भावाला पारोळ्यात भर बाजारात जाऊन जाब विचारला. मी घाबरून अर्धा झालो. आता नाना बोलणार, मला उघडं पाडणार. मे विकत घेता येईल का म्हणून मी धुळ्याला फोनही करून पाहिला, तर तो शेठजींनी केव्हाच दुसऱ्याला दिला होता. पण नाना बोलले नाहीत. त्यांच्या धंद्याचा एक नेम असतो. रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं. बाप आला तरी सांगायचं नाही, कारण ते फुटलं की दलाल संपला. नाना अक्कांना फक्त म्हणाले, सौदा झाला तो झाला. अक्कांनी त्याचा अर्थ काढायचा तो काढला. आणि मला तो नेम माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. पहिल्या दिवाळीला करंज्या खाताना तेवढं एक खरं ऐकलं होतं मी. त्याच भरवशावर तर झोपू लागलो.

जुलैत आम्ही गेलो. घेतलंय तर जायलाच हवं. पहिल्या रात्री पांघरूण लागलं, कुसुम हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून खोलीत ढग शिरायला लागले. खिडकी उघडली की ढग, बंद केली की कुबट वास. सूर्यास्त बघायच्या जागेवर गेलो तर शेजारी उभी असलेली शुभा दिसेना, सूर्य कुठला दिसतोय! नेलेल्या कळण्याच्या भाकऱ्यांना बुरशी आली. धुतलेलं वाळेना म्हणून कुसुम इस्त्रीनं पातळं वाळवत बसली. माझ्या चांगल्या लेन्सला आतून जाळं धरलं ते कायमचं. तेव्हापासून माझ्या स्टुडिओत नवरीचे फोटो जरा धुकट येतात आणि लोकांना ती माझी खुबी वाटते. कुसुम इस्त्री फिरवत एकच म्हणत होती — मामानं असं करायला नको होतं. मी रजईत तोंड खुपसून 'हूं' म्हणत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला हसवून सोडून दिलं असतं.

पुढच्या वर्षी एका लग्नाचे फोटो काढायला पारोळ्याला गेलो होतो. पाय बाजाराकडे वळले. नाना एका शेतकऱ्याशी सौदा करत होते. त्यांनी रुमाल टाकला, हात पुढं केला. शेतकऱ्यानं हात दिला आणि परत ओढून घेतला. म्हणाला, "तोंडानं सांगा, नाना."

आजूबाजूचे दोघं-चौघं हसले. त्यांना ते वाक्य पाठ होतं. सगळ्या बाजाराला पाठ झालं होतं — स्वतःच्या भाचीला पाचचे सात करणारा नाना, त्याच्याशी बोलायचं तर तोंडानं! नानांनी रुमालाची घडी घातली, खांद्यावर टाकली. मग मी दिसलो. त्यांनी हाक मारली, "चहा ल्या ना, जवाईबापू." मी चहा घेतला. त्यांनीच पाजला. तिथं सांगता आलं असतं मला, त्या शेतकऱ्याला गाठून, चार माणसांत. माझी गाडी चुकत होती, म्हणून मी निघालो. गाडी चुकत नव्हती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या चोरानं संन्याशाचा चहा प्यायल्याचं कुठं ऐकलंय का तुम्ही? नानांनी हळूहळू बाजार सोडला. पायाचं दुखणं सांगायचे लोकांना.

आणि मागच्या वर्षी शुभाचं लग्न झालं. कुसुमला सख्खा भाऊ नाही. तिच्या लग्नात तिला बोहल्यावर नानांनीच आणलं होतं आणि शुभालाही तेच आणणार, हे तिच्या बारशापासून ठरलेलं होतं. कुसुमनं फैजपूरच्या एका चुलतभावाला तो मान दिला. मला विचारलं होतं तिनं. आदल्या आठवड्यात, भाजी निवडताना विचारलं, "बरोबर करतेय ना मी?" तिचा आवाज असा होता, की मी नुसतं 'राहू दे, मामांनाच बोलाव' म्हटलं असतं तरी तिनं लगेच ऐकलं असतं. मी म्हणालो, तुझी मर्जी.

नाना आले होते. नवं धोतर, नवा रुमाल. मागच्या रांगेत पंख्याजवळ बसले. चुलतभाऊ शुभाला घेऊन आला तेव्हा सगळे उभे राहिले म्हणून तेही उभे राहिले. जेवण झाल्यावर मी विडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. द्यायलाच हवा होता कुणीतरी. त्यांनी विडा घेतला, बाजूला ठेवला. मग खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला, आणि त्याखाली माझा हात धरला.

काहीतरी दाबलं त्यांनी. आधी एक बोट, मग थांबून सगळा पंजा, मग पुन्हा एक — की दोन? सावकाश, अगदी नीट, लहान मुलाला पाटीवर गिरवायला लावतात तसं. आणि माझ्याकडे बघत राहिले.

मला काहीच कळलं नाही. माफ केलं म्हणत होते? का शिवी होती? का नुसतं, पोरीला सुखी ठेव देवा, असं काही? विचारायचं होतं मला. एकच वाक्य होतं विचारायला — तोंडानं सांगा, नाना. पण ते वाक्य माझ्या तोंडून त्यांना कसं ऐकवणार होतो मी?

मी मान डोलावली. कळल्यासारखी.

त्यांनी रुमाल काढून घेतला, खांद्यावर टाकला आणि पारोळ्याची गाडी गाठायला निघाले. दिवाळीच्या आत नाना गेले. कुसुम खूप रडली आणि रडताना म्हणाली, फसवलं तरी मामाच होता माझा. मी तिला पाणी आणून दिलं.